फोकस ढेकळावर

मृगाच्या पावसावर उगवून आलेल्या सोयाबीनचा फोटो काढायला मोबाईल घेऊन रानात वाकलं, की त्या मोबाईलला कोंब सोडून सगळं दिसतं. मागचं ढेकूळ, गेल्या हंगामाचं धसकट, माझ्या चपलेचा अंगठा, सगळं कसं ठळक! बहुतेक मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याला दहा-बारा सेंटीमीटरच्या आतलं नीट दिसत नाही. चाळिशी लागलेल्या माणसासारखं त्याला लांबूनच दाखवावं लागतं. म्हणून वीतभर मागं सरायचं, दुप्पट झूम करायचं आणि कोंबावर बोट दाबून धरायचं, म्हणजे फोकस तिथंच अडकून बसतो. स्वस्त मोबाईलवरचा '२ मेगापिक्सेल मॅक्रो', म्हणजे जवळच्या फोटोचा वेगळा कॅमेरा, मागच्या बाजूला भोकांची भरती व्हावी एवढ्यासाठीच दिलेला असतो, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा घोळ आपल्या काळ्या रानाचा. फ्रेमभर काळीभोर माती बघून कॅमेऱ्याला वाटतं, अंधार पडला. तो आपल्या मनानं उजेड वाढवतो, माती राखाडी होते आणि पिवळसर कोंब पांढराफटक. असा फोटो ग्रुपवर टाकला की लोक 'कोणता रोग पडला' म्हणून विचारतात आणि दोन जण फवारणीही सुचवतात. बोट दाबल्यावर शेजारी सूर्याचं चिन्ह उमटतं, ते खाली ओढायचं, उजेडाचा आकडा उणे ०.७ ते उणे १ पुरतो. फोटोत काळं रान काळंच दिसलं पाहिजे.

एवढं जमेपर्यंत सोयाबीन थांबत नाही. ओल चांगली असली तर चौथ्या-पाचव्या दिवशी मातीला बारीक भेग पडते आणि तिच्यातून वाकलेली मान वर येते. मान आधी, डोकं मागून! दोन्ही डाळिंब्या, म्हणजे बियाच्या दोन फाका, ती मान मातीतून उपसून काढते. काढण्यासारखा फोटो एवढाच, कारण उजेड लागला की मान सरळ व्हायला लागते, डाळिंब्या उघडतात आणि मग ते चारचौघांतलं रोप होतं. बी ५ सेंटीमीटरपेक्षा खोल पडलं किंवा पावसामागून कडक ऊन पडून जमिनीनं खपली धरली, तर मान आतच मोडते. भेग दिसते, बाहेर कुणी येत नाही. तुरीपाशी मात्र हा तमाशा बघायला बसूच नये. तूर काय, हरभरा काय, डाळिंब्या मातीतच ठेवतात आणि नुसता शेंडा वर पाठवतात. ज्वारीचा सरळ टोकदार कोंब येतो. तिचं बघण्यासारखं म्हणजे पहाटे पानाच्या टोकाला लटकलेला थेंब. 'दवबिंदू' म्हणून हा थेंब रोज शुभ सकाळला जुंपला जातो. दव पानभर पडतं. हा टोकावरचा थेंब म्हणजे मुळांच्या दाबानं रात्रीतून बाहेर आलेलं रोपाचंच पाणी.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेसात. सूर्य कोंबाच्या मागं ठेवला तर देठावरची लव चमकते. ऊन चढलं की वारा सुटतो आणि कोंब नकार दिल्यासारखा मान हलवत राहतो. अशा वेळी सलग वीस-पंचवीस फोटो घेऊन एखादा निघतो का बघायचं. सोयाबीनच्या दोन तासांत, म्हणजे पेरलेल्या ओळींत, अंतर ४५ सेंटीमीटर. त्यात माणूस आडवा मावतो, त्याची कोपरं मावत नाहीत. खाली खताची रिकामी गोणी अंथरावी. वाफसा नसेल, म्हणजे रान अजून चिखलट असेल, तर मात्र आत जाऊच नये. चप्पल रानात राहते आणि पाय तेवढा घरी येतो.

हे सगळं टाळून घरी मटकीला मोड येताना टिपावेत, तर तिथं निराळी तऱ्हा. आठ-दहा तास भिजवलेली मटकी ओल्या काळ्या फडक्यावर पसरायची, पांढऱ्यावर मोड दिसत नाहीत. दर १० मिनिटांनी एक फोटो धरला तर ४८ तासांत २८८ होतात, आणि सेकंदाला २४ या हिशेबानं चित्रफीत होते अवघी १२ सेकंदांची. मधेच लाइट गेली की तेवढा तुकडा काळा, म्हणून बॅटरीवरचा दिवा हवा. उन्हाळ्यात मटकी चिकट होऊन आंबते. ती वाचली तरी फोडणीतून वाचेलच असं नाही.

त्यापेक्षा रानच बरं म्हणावं, तर तिथं धुऱ्यावरून आवाज येतो, "साहेब, पंचनामा हाय का?" लोकांचंही चुकत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवायला, आपल्या शेताच्या गटात उभं राहून मोबाईलवरून पिकाचा फोटो चढवावा लागतो. २०२५ च्या खरिपाआधी तर नुकसान झालं की विम्यासाठी ७२ तासांत कळवावं लागायचं. पिकाचा फोटो निव्वळ हौसेनं कोण काढतं? 'छान दिसतंय म्हणून काढतोय' असं सांगितलं, तर हा साहेब भरपाईचा आकडा लपवतोय अशी खात्रीच पटते.

"आलेलं काय काढायलाव?" मालक म्हणतो. "न्हाई आलेलं काढा की."

मग तुटलेल्या तासात मीटरभर दोरी ताणायची. रोपांत ५ सेंटीमीटर अंतर धरलं तर २० रोपं हवीत. मी मोजतो, अकरा-बारापाशी गाडी थांबते, लोकेशन चालू करून फोटो घेतो. "आता त्यो बी तास घ्या," म्हणत मालक पुढं निघतो. तोवर शेजारच्या रानातून आणखी दोघं येताना दिसतात, आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन.