दुसरी गाडी

काल लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला विचारलं, "दुसरी गाडी कधी घेतलीत?"

"कुठली दुसरी गाडी?"

"ते आता तुम्हीच सांगायचं." ते लिफ्टच्या आरशात स्वतःच्या मिशा बघत होते. "नाना सगळीकडे सांगतायत, रोज संध्याकाळी तुमची गाडी तेच लावून देतात म्हणून. तुमची ती पांढरी तर दोन महिने जागची हललेली नाही. म्हणजे दुसरी असणार. दुसऱ्या गाडीला महिना ८०० रुपये आहेत. एप्रिलपासून धरतो."

आता यावर काय बोलणार? ती गाडी अवकाशात आहे, हे सांगायला तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंतचा वेळ पुरत नाही. शिवाय ज्या माणसाने मागच्या गणपतीत माझी वर्गणी दोनदा घेतली, त्याला माझ्या अंतराळयानाबद्दल मी का म्हणून सांगू?

तुम्हाला सांगतो.

१९८४ साली केंब्रिजमधल्या इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन या दोन विद्यार्थ्यांनी 'एलीट' नावाचा खेळ केला. तो चालायचा बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर. खेळात तुम्हाला एक यान, १०० क्रेडिट आणि एक लेझर मिळते. त्यावर तुम्ही ग्रहाग्रहांवरून माल विकत हिंडायचं आणि वाटेत चाचे भेटले तर त्यांना उडवायचं. पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. आकाशगंगा ८ आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. सगळं नुसत्या रेघारेघांचं. यान म्हणजे रेघा, स्टेशन म्हणजे रेघा, चाचाही रेघाच. फुटला की त्याचे ठिपके होतात.

आणि त्याच सुमारास, म्हणजे १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून देशातल्या अडीचशेच्या घरात शाळांना संगणक वाटले. तेही बीबीसी मायक्रोच. आमच्या शाळेला दोन आले. पिवळट पांढरा डबा, काळी बटणं आणि वरच्या अंगाला लालभडक बटणांची एक ओळ. चालू केला की आधी जाड आवाजात "बू" आणि मग बारीक आवाजात "बीप" करायचा. त्यांच्यासाठी खोलीला पडदे लागले, चपला बाहेर काढायच्या असा नियम झाला आणि खंडेनवमीला दोघांना हळदकुंकू वाहिलं गेलं. आठवीच्या अख्ख्या वर्षात माझ्या वाट्याला एक बटण आलं. एका संगणकाला सहाजण असायचे. पाचांनी बाकीचं दाबलं की मी रिटर्न दाबायचा. वर्गातल्या एकाच्या मामाने लंडनहून 'एलीट'ची फ्लॉपी पाठवली होती. ती सुरू झाली, पडद्यावर एक यान गोल गोल फिरायला लागलं आणि तेवढ्यात मागून सर आले. फ्लॉपी कपाटात गेली, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे गेली. मुख्याध्यापक १९९१ साली निवृत्त झाले. किल्लीचं काय झालं, कोणास ठाऊक.

तेव्हापासून ते यान माझ्या डोक्यात फिरतंय. आता ब्राउझरमध्येच बीबीसी मायक्रोची हुबेहूब नक्कल चालते, कोणालाही न विचारता. पाच आठवड्यांपूर्वी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला आणि लेव्ह नावाच्या ग्रहावरून निघालो.

निघणं सोपं आहे. पोहोचणं सोपं नाही.

प्रत्येक ग्रहाभोवती एक स्टेशन असतं. स्टेशनच्या तोंडाला एक आडवी, चिंचोळी फट. तीतून यान आत न्यायचं. ग्यानबाची मेख अशी की स्टेशन स्वतःभोवती फिरत असतं, त्यामुळे फटही फिरते. क्षणात आडवी, क्षणात उभी. फटीच्या कलाने आपणही तितकंच कलायचं. डावीकडे कलायला स्वल्पविरामाचं बटण, उजवीकडे कलायला पूर्णविरामाचं. माझा प्रत्येक प्रवास पूर्णविरामावरच संपला. आणि खेळ जतन करता येतो तो फक्त स्टेशनच्या आत गेल्यावर. म्हणजे तासभर चाच्यांशी लढा, वीस टन धान्य सुखरूप आणा, आणि दारात चौकट लागली की सगळं गेलं. पुन्हा लेव्ह, पुन्हा १०० क्रेडिट. पाच चाचे मारूनसुद्धा माझ्या नावापुढे हा खेळ अजून 'हार्मलेस' लिहितो. बायकोने ते वाचलं. "निरुपद्रवी," ती म्हणाली, "अरे, याला तीन आठवड्यांत कळलं? मला दोन वर्षं लागली होती."

आपोआप आत नेणारं यंत्र मिळतं, नाही असं नाही. १५०० क्रेडिटला, तेही पुढारलेल्या ग्रहांवरच. ते घ्यायला पैसे हवेत, पैशाला माल विकायला हवा, माल विकायला आत जायला हवं. रेशनकार्डासाठी रहिवासाचा पुरावा आणि रहिवासाच्या पुराव्यासाठी रेशनकार्ड, असा प्रकार केंब्रिजच्या पोरांना कुठून सुचला असेल?

इथे नाना येतात.

नाना समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. एसटीतून निवृत्त झाले. ड्रायव्हर नव्हते, कंडक्टर. चौतीस वर्षं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नानांना स्वतःला गाडी चालवता येत नाही, सायकलसुद्धा नाही. पण चाललेली गाडी कशी चालवावी हे त्यांच्याइतकं कोणालाही कळत नाही. त्या दिवशी काकू भजनाला गेल्या होत्या, नाना किल्ली विसरले होते, म्हणून आमच्याकडे चहाला टेकले. मी झाओन्सच्या स्टेशनसमोर होतो. नाना बशीत चहा ओतून माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"स्टेशन आहे, नाना. आत जायचंय."

"स्टँड म्हण. फिरतंय का ते?"

"हो."

"का?"

"आत माणसांचे पाय जमिनीला टिकावेत म्हणून. फिरल्यावर वजन मिळतं."

नानांनी एक घोट घेतला. "माणसं टिकायला स्टँड फिरवतात? बाकडी टाका, वर एक पंखा लावा. कोणाचं राज्य आहे?"

इथे नाही म्हटलं तरी मला बरं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी या जगाबद्दल काही विचारत होतं. म्हटलं, "इथलं माहीत नाही, पण मी जिथून निघालो त्या लेव्हवर हुकूमशाही आहे."

"मग गाडी वेळेवर सुटली असेल. माल काय?"

"धान्य. वीस टन."

"पावती?"

"पावती नसते हो नाना."

"बिनपावतीचा वीस टन?" नानांनी बशी खाली ठेवली. आवाजात एकदम वे-बिल उतरलं. "आणि चेकिंग झालं म्हणजे?"

मी सांगितलं की धान्याला कोणी विचारत नाही, पण गुलाम, अमली पदार्थ किंवा हत्यारं नेली तर पोलिसांची यानं मागे लागतात. नाना गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "एकदा फलटणच्या गाडीत एका बाईच्या पिशवीत जिवंत घोरपड होती. मी अर्धं तिकीट फाडलं. वरच्यांनी ते माझ्या पगारातून कापलं." यात घोरपडीचं अर्धं तिकीट जास्त झालं की कमी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं असतं, तर झाओन्स राहिलं असतं.

एवढ्यात फट जवळ आली. मी स्वल्पविराम दाबला, पूर्णविराम दाबला, घाबरून दोन्ही दाबले.

"थांब!" नाना ओरडले आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर एक थाप मारली. माझा हात आपोआप वेग कमी करायच्या बटणावर गेला. शाळेपासून एसटीने फिरलेला माणूस आहे मी. एक बेल म्हणजे थांबा, हे रक्तात असतं.

"तू काय करतोयस? त्याच्या मागे लागलायस. ते फिरतं म्हणून तू इकडे, मग तिकडे. असं नसतं. आधी लांब जा. जा लांब. आता तोंड समोर घे. हां. आता त्याच्याबरोबर फिरायला लाग. घाई नाही. ते फिरतंय, तू फिरतोयस, म्हणजे कोणीच फिरत नाही. बरोबर की नाही?"

मी हळूहळू कललो आणि खरोखरच स्टेशन स्थिर झालं. मागचे तारे फिरायला लागले. हे वाक्य मला तीन आठवडे कोणी सांगितलं नव्हतं. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात असावं बहुतेक. पण तो तास संगणक खोलीबाहेर चपलांच्या राखणीत गेला होता.

मग खुर्चीच्या पाठीवर दोन थापा पडल्या. टक, टक. डबल बेल.

मी वेग वाढवला.

"येऊ दे... येऊ दे... येऊ दे... डावीकडे जरा... येऊ दे, जागा आहे, माझ्याकडे बघू नकोस, पुढे बघ... येऊ दे..." नाना प्रत्यक्षात मागे होते आणि मी पुढे जात होतो, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. फट मोठी होत गेली आणि पडद्यावर रेघांमागून रेघा उघडत गेल्या. मी आत होतो. टाळी द्यायला मागे वळलो तर नाना दारापाशी पोहोचले होते.

"मुक्कामी आहे ना आता?" त्यांनी विचारलं. "मग उद्या बघू."

तेव्हापासून नाना रोज साडेपाचला येतात. बेल दोनदा वाजवतात. चहा, बशी, मग खुर्चीमागे. चाचे दिसले की म्हणतात, "हात दाखवा, गाडी थांबवा योजनेतले दिसतात, घेऊ नकोस." मी चौदा वेळा आत गेलोय आणि चौदाही वेळा नाना मागे होते. एकदा एकट्याने करून बघितलं. चौकटीवर आदळलो. थापेशिवाय माझे हातच हलेनात.

खरं सांगायचं तर मला याचा राग आहे. नानांचा नाही, म्हणजे आहे, पण तो लिफ्टपुरता. चाळीस वर्षांपूर्वी त्या पडद्यांच्या खोलीत मला रिटर्नखेरीज आणखी दोन बटणं दाबू दिली असती, तर आज मला कंडक्टर लागला नसता. तेरा वर्षांची बोटं होती, डोळे होते. त्या फटीतून तेव्हा मी झोपेतसुद्धा गेलो असतो. फ्लॉपी जप्त करणाऱ्या सरांना वाटलं असेल, पोरं बिघडतील. बीबीसी मायक्रोची एकूण स्मृती ३२ केबी. त्यातली जेमतेम २२ केबी हाताशी घेऊन त्या दोघांनी २०४८ ग्रह बसवले. ग्रहांची नावं, सरकारं, भाव यांतलं काहीच साठवलेलं नाही. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढत सगळं जागच्या जागी घडतं. आम्हाला त्याच यंत्रावर काय शिकवलं? 'संगणकाचे उपयोग : एक, रेल्वे आरक्षण. दोन, हवामानाचा अंदाज.' हे वहीत लिहून घ्यायचं, वही तपासून घ्यायची, संगणकाला लांबून नमस्कार करायचा.

माझा मुलगा जो खेळ खेळतो तो रात्रभर डाउनलोड होतो आणि सकाळी म्हणतो, अपडेट आहे. आमच्या सेक्रेटरींनी पार्किंगच्या नोटिशीचा जो फोटो काल ग्रुपवर टाकला, तो एकटा फोटो 'एलीट'च्या आठही आकाशगंगांपेक्षा जड आहे. आणि तिरका आहे.

हो, नोटीसच लागली. नाव नाही, पण 'काही सभासद' म्हटलंय. खाली तीन जणांनी अंगठे दाखवलेत. त्यात एक अंगठा नानांचा आहे. नानांना ग्रुपवर काय चाललंय ते कधीच कळत नाही, ते सगळ्यालाच अंगठा देतात. मागे एका शोकसंदेशालाही दिला होता.

मी स्वतः जाऊन त्यांना सांगणार होतो, की नाना, खालच्या लोकांना एकदा नीट समजावून सांगा. पण नाना मंगळवारी पुतणीच्या लग्नाला गावी गेले. मला न सांगता. त्या दिवशी साडेपाचला मी लीस्तीच्या स्टेशनसमोर यान आणून उभं केलं, वीस टन माल भरलेला, आणि बेल वाजलीच नाही.

आज शुक्रवार. यान अजून तिथेच आहे. बाहेर जतन करता येत नाही, आत जायची हिंमत नाही, म्हणून खेळ थांबवून लॅपटॉप डायनिंग टेबलावर उघडा ठेवलाय, वर चिठ्ठी लावून : 'बंद करू नये.' आम्ही तीन दिवस ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. रविवारी बायकोच्या माहेरची माणसं येणार आहेत. ती चिठ्ठीकडे बघते, माझ्याकडे बघते आणि काही बोलत नाही. हे वाईट लक्षण.

काल रात्री शेवटी नानांना फोन लावला. त्यांच्या गावात रेंज फक्त मारुतीच्या पारावर येते. मागे बँड वाजत होता. मी स्पीकर चालू करून म्हटलं, "नाना, फोनवरूनच थाप मारता का? मी समोरच उभा आहे."

"हॅलो?"

"थाप! नाना, थाप मारा!"

"कोणाला?"

दोन सेकंदांनी प्रत्येक वाक्य पोहोचत होतं. दोन सेकंदांत स्टेशन कुठल्या कुठे फिरतं. मी म्हटलं, राहू दे, नाना, तुम्ही या सोमवारी, मंगळवारपासून गाडी तशीच दारात उभी आहे.

"मंगळवारपासून?" नाना बँडच्या वर ओरडले. "अरे मग इंजिन बंद कर! डिझेल कोणाच्या बापाचं जळतंय?"