सुवार्ता सांगण्याचे रामबाण उपाय

सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, सांगायची तर पहाटे. पाच वाजायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर बायबलचं वचन पडलंच पाहिजे. मागे सूर्योदय, पुढे गुलाब, मधे कबुतर आणि अक्षरं इतकी सोनेरी की चष्मा लावूनही वाचता येऊ नयेत. ग्रुप पाण्याच्या टँकरसाठी काढलाय, हे खरं. पण आपल्याकडे येशूने देऊ केलेलं जिवंत पाणी असताना टँकरचं काय कौतुक? सेक्रेटरी लिहितील, "कृपया विषयाला धरून मेसेज टाकावेत." त्यावर हात जोडलेला इमोजी टाकायचा आणि संध्याकाळच्या प्रार्थनासभेत सांगायचं, "सोसायटीत छळ सुरू झालाय, आठवण ठेवा."

काही जण म्हणतील, येशूचा शिष्य पेत्र याने बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात लिहिलंय की तुमच्या आशेबद्दल जो विचारील त्याला उत्तर द्या, आणि तेही सौम्यतेने. विचारील त्याला! म्हणजे कोणी विचारेपर्यंत थांबायचं? शिवाय त्यासाठी विचारावंसं वाटेल असं जगायचं? पेत्राला मोबाइल मिळाला नव्हता, हे लक्षात घेऊन ते वचन वाचावं.

सुवार्तेला सगळ्यात योग्य जागा म्हणजे इस्पितळ. बाहेर माणूस काहीतरी निमित्त काढून सटकतो. सलाईन लावलेला माणूस सटकू शकत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांची बायपास झाली की भेटायच्या वेळेत पोचायचं. डबा हवाय का, रात्री थांबायला कोणी आहे का, असल्या ऐहिक चौकशांत वेळ घालवायचा नाही. काकू पाणी आणायला उठल्या की त्यांच्या स्टुलावर बसायचं आणि थेट विषयाला हात घालायचा: "काका, माणूस मेल्यावर कुठे जातो, याचा कधी विचार केलाय?" बायपासच्या दुसऱ्या दिवशी या प्रश्नाला जी धार येते ती एरवी येत नाही. मग डोळे मिटून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी प्रार्थना. डोळे उघडाल तेव्हा नर्स इंजेक्शनचा ट्रे घेऊन ताटकळत असेल. तिलाही एक पत्रक द्यायचं. त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, आपल्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक आजी कित्येक दिवस पडून आहेत. त्यांच्याकडे पुढच्या खेपेला जाऊ. त्यांचं तारण, म्हणजे आत्म्याचा उद्धार, आधीच झालेलं आहे, तिकडे घाई नाही.

दिवाळीत देशपांडे काकू फराळाचं ताट घेऊन येतील. दारातच विचारायचं, "देवाला दाखवलाय का?" काकू सरळ बाई, "हो, दाखवलाय की" म्हणतील. लगेच दोन पावलं मागे सरायचं. प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय खरं, की कोणी जेवायला बोलावलं तर पुढे वाढतील ते काही न विचारता खा. पण पौलाने काकूंचे अनरसे पाहिले नव्हते, त्याला मोह काय कळणार! नाताळात मात्र आपल्या करंज्या, चकल्या, केक त्यांच्याकडे गेलाच पाहिजे, आणि करंज्यांखाली पत्रक: "आज रात्री मरण आलं तर तुम्ही कुठे असाल?" तुपाचे डाग पडतात, पण मथळा वाचता येतो. काकू ताट परत देताना त्यात चिमूटभर साखर घालून देतील. रिकामं ताट द्यायचं नाही अशी त्यांच्याकडे रीत आहे. ती साखर कोणाला दाखवली नव्हती ना, याची खात्री करून घ्या.

आता एक वाईट उदाहरण सांगतो, म्हणजे काय टाळायचं ते कळेल. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळकांसमोर एक युरोपियन गृहस्थ बसले होते. आपल्यापैकी कोणी असता तर पहिल्या स्टेशनच्या आत पाप, कबुली, बाप्तिस्मा असा सगळा क्रम उरकला असता. या साहेबांनी काय केलं? संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या. चित्पावन ब्राह्मण कवीशी, त्याच्याच आवडीच्या विषयावर! समोरच्याला बोलूही दिलं. मग कुठे धर्माचा विषय निघाला, आणि शेवटी नव्या कराराची एक प्रत हातात ठेवून गृहस्थ मोकळे झाले. ना नाव, ना पत्ता, ना नंतरचा पाठपुरावा. अहवालात दाखवायला एक ओळ नाही. टिळक पुस्तक वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि तिथेच अडकले. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांची भजनं आपण अजून गातो, हा भाग वेगळा. पद्धत चुकीचीच.

त्याआधीही असे नमुने होऊन गेलेत. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्याला आले, इथली भाषा शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्या रचत बसले. ख्रिस्तपुराण छापून निघालं ते 1616 साली. फॉरवर्डचं बटण नसलं की माणसावर ही पाळी येते. पंडिता रमाबाईंनी तर दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून केडगावला आणल्या आणि आधी त्यांच्या जेवणाखाण्याचं, शिक्षणाचं पाहिलं. एवढा खटाटोप! मायक्रोफोन भाड्याने मिळतो, विसरू नका.

आचरणाकडे फार लक्ष देऊ नये, त्याने बोलण्यावरचं लक्ष उडतं. गाडीच्या मागच्या काचेवर "यहोवा माझा मेंढपाळ" असा स्टिकर लावला की ती फाटकात आडवी लावायला हरकत नाही. लोक वचन जवळून वाचतात. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचे दोन खाडे पगारातून कापावेत, नाताळला पाहुणे असतात म्हणून सुट्टी देऊ नये. त्या काही बोलत नाहीत. याच इमारतीत त्या आणखी सहा घरी जातात आणि तिथे मात्र बोलतात. सुवार्तेचं एवढं पक्कं जाळं कुठल्याही मिशनकडे नसेल.

ऑफिसात कोणी विचारलं, "तुमच्यात जातपात नसते ना?" तर छाती फुगवून सांगायचं, "छे! ख्रिस्तात सगळे एक." मग घरी येऊन भाचीला आलेलं स्थळ बघायचं. आडनाव काय? मूळचे कुठले? विश्वासात कितव्या पिढीपासून? म्हणजे, आधीचे कोण? हे सगळं हळू आवाजात विचारायचं, कारण मुलाकडचे त्याच वेळी आपल्याबद्दल तेच विचारत असतात.

ज्यांना हा सगळा उपद्व्याप झेपत नाही त्यांच्यासाठी दुसरा पंथ आहे, मौनी पंथ. हे लोक राज्यघटनेतला 25वा अनुच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवतात. धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क! पण डबा खाताना आशीर्वाद मागायचा तो डोक्याला खाज सुटल्यासारखं करून. खेड्यापाड्यात घरगुती प्रार्थनेलाही धाकधूक वाटते असे लोक आहेत, त्यांची भीती खरी आहे आणि त्यांची थट्टा मी करत नाही. मी बोलतोय ते एसीत बसणाऱ्या आणि कोणी काही विचारलेलंही नसताना घाबरणाऱ्यांबद्दल. त्यांचे सहकारी थेट दफनविधीला येतात आणि फाटकाशी एकमेकांना विचारतात, "अरे, हे ख्रिश्चन होते?"

एक धोका मात्र दोन्ही पंथांना आहे. कधीतरी, कोणी पत्रक न वाचलेला, कोणी वचन न पाठवलेला माणूस कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसतो. चहाचा कप नुसता फिरवत राहतो. त्याची आई गेल्याला महिना झालेला असतो. "तुम्ही प्रार्थना करता म्हणजे नेमकं काय करता हो?" असं विचारतो, आणि खरंच उत्तराची वाट बघतो. इथे गडबडून जायचं नाही. स्वतःचं काही सांगायला तर मुळीच जायचं नाही, त्यात आपल्या रात्री, आपल्या शंका, सगळंच निघतं. घड्याळात बघायचं. "आमच्या पाळकांचा नंबर देतो, ते छान समजावतात. आणि एक व्हिडिओची लिंक पाठवतो, फक्त चाळीस मिनिटांचा आहे." तो "बरं" म्हणेल, नंबर घेईल, कप ठेवून उठेल.

बुधवारच्या सभेत साक्ष द्यायला उभे राहा. एका जिवाशी बोलण्याची संधी मिळाली, प्रभूची स्तुती असो. कोणी त्याचं नाव विचारलं आणि आठवलं नाही, तर "ऑफिसातले एक गृहस्थ" म्हणा. चालतं.