११५१ च्या गोंधळाबद्दल, दुकानाकडून

नमस्कार साहेब,

सॉकेट (मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) ११५१ पिनांचं, प्रोसेसरही ११५१ चा, तरी ‘चालणार नाही’ म्हणून आम्ही नवा बोर्ड गळ्यात मारायला बघत होतो आणि वर तपासणीचे ३०० रुपये घेतले, असं तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय. टॉवेलच्या डिझाइनचं काम अडल्यावर चिडणारच माणूस.

तुमचा एच११० बोर्ड २०१७ च्या उन्हाळ्यात आमच्याच दुकानातून गेला, आय५-७४०० सकट. त्यावर सहाव्या आणि सातव्या पिढीचेच प्रोसेसर चालतात. तुम्ही आणलेला आय५-८४०० आठव्या पिढीचा. तो बसतो, खाचा जुळतात, लिव्हरही लागतो, पण डिस्प्ले येत नाही. या पिढीत इंटेलने चाराचे सहा कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) केले. वीज जास्त लागणार, म्हणून आधी राखून ठेवलेल्या काही पिना पॉवर आणि ग्राउंडला दिल्या. पिना ११५१ च राहिल्या, जोडणी बदलली, आणि नाव मात्र बदललं नाही! कंपनीचा बायोस (मशिन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट टाकूनही हे सुटत नाही, ३०० सिरीजचाच चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) लागतो. प्रोसेसरच्या खालच्या काही पॅडवर टेप लावून, बायोसमध्ये फेरफार करून काही जण चालवतात, खोटं नाही. पण रोजीरोटीच्या मशिनवर तो उद्योग मी करणार नाही.

आता आमचं चुकलेलं. ‘पुढे नुसता प्रोसेसर बदला’ हे तेव्हा मीच म्हणालो होतो. सहाव्या पिढीचे बोर्ड बायोस अपडेटवर सातवी घेत होते, त्यावरून ठोकून दिलं. त्याच ऑक्टोबरात आठवी आली आणि मी तोंडावर पडलो. शिवाय बोर्डाचा नंबर वाचूनच आमच्या पोराने तुम्हाला सांगायला हवं होतं, जोडून बघायची गरजच नव्हती. ते ३०० रुपये परत घेऊन जा.

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, अकराला इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ८४०० ची तुमची निवड बरोबरच आहे, विकू नका. ३०० सिरीजमधला एच३१० किंवा बी३६० चा जुना बोर्ड बघा. तुमची डीडीआर४ रॅम, एसएसडी, कॅबिनेट तेच चालेल. बोर्ड माझ्याकडूनच घ्या असंही नाही. फक्त पैसे देण्याआधी सॉकेटमध्ये टॉर्च मारून एखादी पिन वाकलीय का बघा, आणि बोर्डावरच्या नंबरचा फोटो मला पाठवा. वाचून सांगतो, त्याचे पैसे नाहीत.