शंका विचारायचीय? आधी खरं नाव लावा!

ऑनलाइन काही शिकायला निघाला असाल तर हे आधी वाचा, नंतर बोलणी खाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, टोपणनाव घेऊन जायचं नाही म्हणजे नाही. परवा मी स्टॅटिस्टिक्सच्या एका ऑनलाइन बॅचमध्ये टोपणनावाने साधी शंका टाकली, की टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक खरा की निव्वळ योगायोग, हे तपासायची पद्धत) नेमकी कधी लावायची, तर उत्तर राहिलं बाजूला, वर ऐकून घेतलं, "आधी खरं नाव आणि फोटो लावा, फेक लोकांना इथे उत्तर मिळणार नाही." अगदी बरोबर! फक्त ज्या टी-टेस्टची तुम्ही फी घेता ना, ती १९०८ साली विल्यम गॉसेट या माणसाने 'स्टुडंट' नावाने छापली होती, कारण तो गिनेसच्या बिअर कारखान्यात कामाला होता आणि कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती. आजही ती स्टुडंट्स टी-टेस्टच. फेक अकाउंटच की हो, काढून टाका सिलॅबसमधून!

बरं, मी लावलं नाव. चार दिवसांत ती शंका नावासकट सर्चमध्ये दिसायला लागली आणि ऑफिसातला एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "काय हो, एवढंही येत नाही?" झालं समाधान?

ओळख करून देताना जन्मतारीख आणि पिनकोडही टाका. जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड (तिकडचा पिनकोड) एवढ्यावरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं नावाशिवाय ओळखता येतील असा हिशोब संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनींनी २००० सालीच मांडलाय, तेव्हा शोधणाऱ्याला उगाच त्रास नको.

कॅमेरा चालू, मागचं घर दिसलंच पाहिजे.

फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, काढताना कॅमेऱ्याचं लोकेशन ऑन असेल तर फोटो काढल्याचं ठिकाणही फाइलच्या आतून जातं.

आणि मन मोकळं करा, सगळं रेकॉर्ड होतंयच.

अहो, पण शंका खरी आहे की नाही ते शंका वाचून कळतं, डीपी बघून नाही! फसवणारे खऱ्या नावाने, ब्लू टिकसकट फसवतात. सर्टिफिकेटला खरं नाव मागा, जरूर देतो. पण शिकणाऱ्याला चारचौघांत नाव न लागता चुकायची सोय नको का? ती काढून घेता आणि वर म्हणता, लोक प्रश्नच विचारत नाहीत. कसे विचारतील? आणि हे सगळं मला सुनावलं कोणी, तर 'सपोर्ट टीम' नावाच्या अकाउंटने. तुमचं नाव काय हो? फोटो कुठाय तुमचा?