वेकोबद्दल वाचायला बसले आणि कुठलीच बाजू पुरती पटेना

गेले काही महिने जमेल तसं वेकोबद्दल वाचतेय. १९९३, टेक्सास, डेव्हिड कोरेश आणि त्याचा ब्रँच डेव्हिडियन पंथ, समोर आधी एटीएफ (दारू, तंबाखू आणि शस्त्रांवर नजर ठेवणारी अमेरिकेची सरकारी यंत्रणा) आणि मग एफबीआय, ५१ दिवसांचा वेढा आणि शेवटी आग. मला आधी एवढंच माहीत होतं. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की ह्यावर लिहिणारे बरेचजण आधीच ठरवून बसलेत, म्हणजे एकजण म्हणणार माथेफिरू माणसाने आपल्याच लोकांना जाळलं, दुसरा म्हणणार सरकारने देवभोळ्या लोकांना जाळलं, आणि अडचणीचे कागद दोघंही बाजूला सारणार.

आधी कोरेशबद्दल, कारण इथे मला गुळमुळीत बोलायचं नाहीये. १९८९ पासून त्याने शिकवायला सुरुवात केली की पंथातल्या सगळ्या बायका त्याच्या, बाकीच्या नवऱ्यांनी ब्रह्मचर्य पाळायचं. त्यात अल्पवयीन मुलीही होत्या. पंथ सोडलेले लोक हे सांगत होते. वर शस्त्रांचा मोठा साठा, रायफलींची बेकायदा मशीनगन करत असल्याचा संशय. त्यामुळे 'ते बिचारे शांतपणे प्रार्थना करत होते' हे जे काही लोक लिहितात ते मला अजिबात मान्य नाही, सरकारने तिकडे लक्ष घालायलाच हवं होतं.

पण कसं घातलं ते बघा. २८ फेब्रुवारी, रविवार सकाळ. सत्तरहून जास्त एजंट, गुरं न्यायच्या ट्रेलरमध्ये लपून, अचानक धाड घालायची म्हणून निघालेले. त्याआधी काय झालं तर टीव्हीचा एक कॅमेरामन रस्ता चुकला आणि त्याने एका पोस्टमनला पत्ता विचारला, आणि तो पोस्टमन निघाला कोरेशचा मेहुणा! आत वेषांतर करून गेलेल्या एजंटने बाहेर येऊन सांगितलं की कोरेशला कळलंय. तरी धाड घातलीच. एटीएफचे ४ एजंट गेले, त्या दिवशी पंथाचे ६ जण गेले. बातमी फुटल्याचं माहीत असून वरिष्ठ पुढे गेले आणि नंतर खोटं बोलले, हे विरोधकांनी नाही तर एटीएफ तेव्हा ज्याच्या हाताखाली होतं त्या ट्रेझरी (अर्थ) खात्याच्याच रिपोर्टने म्हटलंय. मला सगळ्यात जास्त राग इथे येतो. त्या चार एजंटांच्या घरच्यांनी तो रिपोर्ट कसा वाचला असेल?

पहिली गोळी कोणाची हे ठरवायला पुढचा दरवाजा कामी आला असता, गोळ्यांची भोकं आतून की बाहेरून हे त्यावर बघता आलं असतं. लोखंडी दरवाजा, दोन झडपा. एक झडप सापडली, दुसरी नाही. बस, ह्यावर मी अजून काही म्हणत नाही.

वाटाघाटींचा भाग मी सगळ्यात जास्त वेळ वाचला. वेढ्यात ३५ माणसं बाहेर आली, त्यात २१ मुलं, आणि ही सगळी बोलण्यातून आली. पण एफबीआयमध्येच दोन गट, एक फोनवर बोलणारा आणि एक टँक घेऊन उभा असलेला. १२ मार्चला दोघं बाहेर आले, त्याच संध्याकाळी वीज कायमची तोडली. २१ मार्चला सातजण आले आणि त्याच रात्री लाउडस्पीकर सुरू, तिबेटी मंत्र, नंतर सशांना मारतानाच्या किंकाळ्या. म्हणजे आतल्या माणसाने काय समजायचं, बाहेर सोडलं की बक्षीस मिळतं की शिक्षा? फोनवर बोलणारे निगोशिएटर ह्याच्या विरोधात होते.

आता शेवटच्या दिवसाची, १९ एप्रिलची आग. टँकने आग फेकली असं सांगणारे व्हिडिओ अजून फिरतात, मी बघितले, ते चूक आहेत. आग जवळपास एकाच वेळी तीन ठिकाणी लागली आणि लपवलेल्या मायक्रोफोनवर आतली माणसं इंधन ओतायचं बोलताना ऐकू येतात. सरकारने नेमलेले माजी सिनेटर डॅनफोर्थ यांच्या २००० च्या चौकशीचा निष्कर्षही हाच, आग आतून लागली, आणि मला तो पटतो. पण ती चौकशी लावायची वेळ का आली तर पेट घेऊ शकणारी अश्रुधुराची नळकांडी वापरली नाहीत असं सहा वर्षं सांगितलं गेलं आणि १९९९ मध्ये कळलं की वापरली होती. ती आगीच्या काही तास आधी, मुख्य इमारतीपासून लांब मारलेली, आगीशी संबंध नाही. मग लपवायचं कशाला होतं? एकदा एवढं लपवल्यावर बाकीच्या खऱ्या गोष्टींवर तरी कोण विश्वास ठेवणार? बरोबर दोन वर्षांनी, १९ एप्रिल १९९५ ला, वेकोचा राग डोक्यात घेतलेल्या माणसाने ओक्लाहोमा सिटीत बॉम्ब लावला, १६८ माणसं गेली.

आणि मुलं. तेव्हाच्या अटर्नी जनरल (अमेरिकेच्या न्याय खात्याच्या प्रमुख) जॅनेट रेनो यांनी टँकने आत अश्रुधुराचा गॅस सोडायच्या प्लॅनला होकार दिला त्यात मुलांची काळजी हे एक कारण होतं. मोठ्यांकडे गॅस मास्क होते, लहानांच्या चेहऱ्याला बसतील असे नव्हते. सहा तास गॅस आत जात होता. आया मुलांना घेऊन काँक्रीटच्या खोलीत बसल्या आणि त्यातल्या खूपजणी तिथेच गेल्या. त्या दिवशी ७६ माणसं गेली, वीसहून जास्त मुलं. कोरेशने त्यांना बाहेर पाठवलं नाही, हे मी त्याला कधीच माफ करणार नाही. पण मुलांसाठी म्हणून केलेली कारवाई मुलांच्याच खोलीपर्यंत गॅस नेते, हेही मला गिळता येत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. कोरेश फोनवर तासन्‌तास प्रकटीकरणातल्या (बायबलचं शेवटचं पुस्तक) सात शिक्क्यांबद्दल, म्हणजे त्यातल्या गुंडाळीवरच्या सात मोहोरांबद्दल बोलायचा, एफबीआयवाले त्याला बायबलची बडबड म्हणायचे. धर्माच्या दोन अभ्यासकांनी ते नीट ऐकलं आणि रेडिओवरून त्याच्याच भाषेत त्याला उत्तर दिलं. १४ एप्रिलला त्याने पत्र पाठवलं की सात शिक्क्यांचा अर्थ लिहून झाला की मी बाहेर येतो. आता २ मार्चलाही त्याने बाहेर येतो म्हणून शब्द मोडला होता, त्यामुळे हीपण थाप आहे असं एफबीआयला वाटलं तर मी त्यांना वेडं म्हणणार नाही. पाच दिवसांनी टँक आत घुसले. आगीतून नऊजण वाचले, त्यातल्या एका बाईकडे कॉम्प्युटरची डिस्क सापडली. त्यात पहिल्या शिक्क्याचा अर्थ पूर्ण लिहिलेला होता.