बोटाला लागलंय

अर्धवट पत्त्यावरून माणूस हुडकण्यात आख्ख्या मिरज तालुक्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. चौतीस वर्षं पोस्टात काढली. 'मालगाव, वडाच्या पलीकडं, काळ्या म्हशीवाले मामा' एवढ्याशा पत्त्यावर मनिऑर्डर पोचवलेली आहे, आणि तीही म्हैस विकून झाल्यावर. त्या मला आता पोटच्या पोरीचा पत्ता विचारा. पोरगी नौदलात. नाव, हुद्दा, जहाजाचं नाव, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, म्हणजे नौदलाचं टपाल कार्यालय. संपलं. तिथून पुढं माझं पाकीट कुठल्या दिशेला जातं ते एक फ्लीट मेल ऑफिस जाणे, नाहीतर साक्षात वरुणदेव जाणे. नौदलाचं ब्रीदवाक्यच 'शं नो वरुणः' आहे. चौकशी कुणाकडं करायची ते त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

आमची चिंगी विमानवाहू नौकेवर लेफ्टनंट आहे. देशाकडं अशा नौका सध्या दोनच, विक्रमादित्य आणि विक्रांत. त्यातली कुठली, ते मी सांगणार नाही. म्हणजे कॉलनीला माहिती आहे, रिक्षावाल्याला माहिती आहे, दूधवाला तर डेअरीवर सांगून आलाय. पण माझ्या तोंडून जाणार नाही. पोरीनं बजावलंय, "बाबा, शिप कुठं आहे, कधी निघणार, कधी येणार, यातलं कुणाला काही सांगायचं नाही."

"मला तरी तू कुठं सांगतेस?"

"नाहीच सांगत. पण तेही कुणाला सांगायचं नाही."

थोडक्यात, जे गुपित आम्हाला ठाऊकच नाही ते आम्ही प्राणपणानं जपतोय. हे फार जिकिरीचं काम आहे. ठाऊक असलेलं गुपित कधीतरी फुटतं आणि माणूस मोकळा होतो. आमच्या पोटात काही नाहीच, तर ओकणार काय?

"चिंगी सध्या कुठं असते?"

"समुद्रात."

"समुद्रात कुठं?"

"पाण्यावर."

लोकांना वाटतं मी भाव खातोय. पुतण्यानं मोबाइलवर एक अ‍ॅप दाखवलं. जगातली जहाजं त्यात ठिपक्यांसारखी सरकताना दिसतात. मी दोन तास डोळे फोडले. तेलाची जहाजं सापडली, कोळशाची सापडली, आपली मात्र कुठं नाही. "काका, युद्धनौका असं आपलं ठिकाण सांगत फिरत नसतात," पुतण्या म्हणाला. हे त्यानं दोन तासांपूर्वी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

वास्तविक ही पोरगी समुद्रावर जाईल असं तिच्या कुंडलीत तर सोडाच, तिच्या पोटातही नव्हतं. रत्नागिरीला मामाकडं जाताना आंबा घाट सुरू झाला, की एसटीतली पुढची तीन बाकडी आपोआप रिकामी व्हायची. लिंबू, आवळासुपारी, खिडकीची जागा, सगळं करून झालं. ती आता चाळीस-पंचेचाळीस हजार टनांच्या लोखंडावर लाटा झेलते. "लागतं का गं?" असं विचारलं, तर म्हणते, "बाबा, एवढी मोठी शिप एसटीसारखी हलत नाही." यात शिपेचं कौतुक किती आणि एसटीची निंदा किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

केरळात एळिमलाच्या अकादमीत तिची परेड झाली, तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. परेड संपल्यावर खांद्यांवरच्या पट्ट्या आईबापांनी चढवायच्या असतात. हिनं डाव्या खांद्यावरची अगदी हळुवार चढवली, वर दृष्ट काढली. उजवा खांदा माझ्याकडं. माझे हात थरथरत होते, बक्कल सापडेना. शेवटी कशीबशी बसली. बसली म्हटल्यावर मी सवयीनं वरून मूठ आपटली, तिकिटावर शिक्का मारतात तशी. चिंगी सावधान उभी होती, हलली नाही. फक्त दात न विलगता म्हणाली, "बाबा, मी रजिस्टर्ड नाहीये."

तिची शाखा लॉजिस्टिक्स. नौदलानं 1992 साली बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ज्या मोजक्या शाखा उघडल्या त्यातली ही एक. सामान-सुमान, रसद, कपडालत्ता, हिशेब, सगळं यांच्याकडं. हे ऐकून हिनं कपाळावर हात मारला. "अहो, कोथिंबीर आणायला पाठवली की शेपू घेऊन येणारी पोर ही! साखरेचा डबा कुठला ते बारावीपर्यंत ठाऊक नव्हतं. हिच्या भरवशावर सोळाशे माणसं जेवणार?"

मग मी तिला नौदलानंच जाहीर केलेले आकडे वाचून दाखवले. विक्रमादित्यवर सोळाशेच्या वर माणसं, आणि महिन्याला लागतात जवळपास एक लाख अंडी, वीस हजार लिटर दूध, सोळा टन तांदूळ. (हे आकडे आमच्या बोटीचे आहेत की दुसऱ्या, ते विचारू नका.) ही थोडा वेळ गप्प झाली. मग गॅसच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. माणशी दिवसाला दोन अंडी, चारशे मिलीच्या वर दूध, पाव किलोहून जास्त तांदूळ. चेहरा जरा निवळला.

"आणि तूप?"

"तुपाचा आकडा दिलेला नाही."

"बघा!" ही म्हणाली. "लपवतात."

त्या दिवसापासून बेसनाच्या लाडवांचं पार्सल हा आमच्या घरचा संरक्षण-अर्थसंकल्प झाला.

आता वरच्या मजल्यावरच्या अण्णांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं रामायण त्यांच्यामुळं घडलं. अण्णा ऐंशीच्या घरातले, स्वभावानं लाख माणूस. कानाचं मशीन आहे, पण सेल संपू नये म्हणून ते कपाटात ठेवतात. त्यांना एकूण विमानवाहू नौकांविषयी शंकाच. "ती विक्रमादित्य रशियाची जुनीच ना?" असं त्यांनी मला चारदा विचारलंय. जुनी हे खरं. आधीचं नाव अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह. 2004 साली करार झाला तेव्हा सत्त्याण्णव कोट डॉलरच्या आसपास खर्च धरला होता आणि 2008 ला बोट मिळायची होती. मिळाली 16 नोव्हेंबर 2013 ला आणि खर्च गेला 235 कोट डॉलरवर. हे मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, तेव्हा अण्णा कितीतरी वेळ हसत होते. त्यांनी जुन्या वाड्याची नुसती डागडुजी काढली होती, तिला सहा वर्षं लागली. "म्हणजे आमचाच गवंडी तिकडं गेला होता तर!"

मे 2025 मध्ये मात्र अण्णांच्याच घरी बसून रात्र काढली. आमच्या टीव्हीपेक्षा त्यांचा आवाज मोठा. दर पाच मिनिटांनी भोंगा वाजे आणि एकेक वाहिनी विक्रांतला पुढं सरकवत होती. मध्यरात्रीपर्यंत काहींनी तिच्याकडून कराची बंदर उडवूनसुद्धा घेतलं. ही देवासमोर बसलेली, मी टीव्हीसमोर, दोघांच्याही हातात काही नाही. सकाळी कराची बंदर जागच्या जागी होतं. आमची बोट कुठं होती, ते तेव्हाही कळलं नाही आणि आताही नाही. वाहिनीवाल्यांना मात्र अक्षांश-रेखांशासकट माहिती होतं. माझी चौतीस वर्षं फुकट गेली, असं त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. लाडवांच्या पार्सलासाठी मी माळ्यावरून पत्र्याचा जुना डबा काढला. झाकणाचा कडेचा पत्रा फाटलेला. डाव्या हाताचं मधलं बोट सपकन कापलं. तीन टाके पडले. दवाखान्यातून येतोय, तर अण्णा गॅलरीत.

"काय झालं?"

"काही नाही हो. बोटाला लागलंय."

अण्णांचा चेहरा एकदम उतरला. "बोटीला? कशानं?"

मला वाटलं, वयाप्रमाणं जीभ अडखळली असेल. "पत्रा फाटलेला होता. आधी लक्षातच आलं नाही."

"अरे देवा! मग आता?"

"तीन टाके घातलेत. पण पाणी लागू द्यायचं नाही म्हणालेत."

"पाणी लागू द्यायचं नाही?" अण्णांनी कठडा धरला. "ते कसं जमायचं?"

"प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. आठ दिवसांचा तर प्रश्न."

"चिंगी?"

"तिला काही कळवलं नाही. उगाच घाबरेल."

अण्णांनी आभाळाकडं बघून हात जोडले. एवढ्याशा जखमेला हात जोडणारा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं म्हणत मी घरात आलो.

संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात नऊ माणसं. पुरुषांचे चेहरे पडलेले, बायका सरळ आत, हिच्याकडं. एकीनं हिचा हात हातात घेतला. "धीर धरा वहिनी." हिला आपलं वाटलं, माझ्या बोटाचीच चौकशी. म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं? जुनाच डबा तो. मी यांना दहा वेळा सांगितलं असेल, भंगारात द्या म्हणून."

आत सन्नाटा पसरला. बाहेर निवृत्त हेडमास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नक्की कुठं लागलं?"

"मधे."

"खोल आहे?"

"हाडापर्यंत नाही गेलं."

हेडमास्तर बावचळले. मग हळूच माझ्या हाताकडं बघू लागले. मीही बघितलं. तेवढ्यात आतून हिचा आवाज आला, "अगं बाई! बोट म्हणजे हे बोट हो!" मी बँडेज वर धरलं, तेही नेमकं मधलं बोट, त्यामुळं दोघांचा थोडा गैरसमज झाला तो वेगळाच. नऊच्या नऊ जणांना चहा झाला. पार्सलासाठी ठेवलेले लाडूही गेले. संकटात धावून आलेल्या माणसांना नुसता चहा कसा द्यायचा?

अण्णा मात्र शेवटपर्यंत बधले नाहीत. जाताना दारात थांबले, माझ्याकडं बघून एक डोळा मिटला. "बरोबर आहे. तुम्हाला सांगता येत नसणार. बोट पुढं करून निभावलंत, छान केलंत."

यानंतर अकरा दिवसांनी चिंगीचा फोन आला. बोटीवर स्मार्टफोन चालत नाहीत. डिसेंबर 2019 मध्ये नौदलानं जहाजांवर आणि तळांवर बंदी घातली, त्यामुळं किनाऱ्याला लागून बाहेर पडली की मगच आमचा नंबर. फोन येतो तो कधीही. गॅसवर दूध असताना येतो, मी दाढीला साबण लावलेला असताना येतो. यातला पहिला मिनिट "आवाज येतोय का?" मध्ये जातो, दुसरा "जेवलीस का?" मध्ये. महिनाभर मनात साठवलेलं सगळं जिभेच्या टोकावर येतं आणि तोंडातून निघतं काय, तर "तुझ्या खोलीतली ट्यूब बदलली."

फोन आधी हिच्याकडं असतो, हा घरचा नियम. हिनं लाडू, तूप, अंगावरचे कपडे नीट वाळतात का, सगळं विचारून घेतलं. शेवटी हळूच माझ्या हाताचं सांगून टाकलं, आणि फोन माझ्याकडं दिला. मी सिग्नलसाठी गॅलरीत गेलो.

"आवाज येतोय का?"

"येतोय बाबा. ऐका, मला सांगा, बोट कसंय?"

मी घसा साफ केला. "ते सांगता यायचं नाही."

वर कठड्याला टेकलेल्या अण्णांनी समाधानानं मान हलवली. एवढं वाक्य त्यांना मशीनशिवाय ऐकू गेलं.