बप्पा, जरा हळू बोला

काल लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तासभर उभा होतो, डोकं अजून ठणकतंय. पोराच्या शैक्षणिक कर्जासाठी आधार अन् बँक स्टेटमेंटची प्रिंट पाहिजे होती आणि घरचा प्रिंटर शाई नाही म्हणून रुसलेला.

आता मी म्हणजे लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे आख्ख्या डिस्कलाच कुलूप लावणारा माणूस. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून देव्हाऱ्यातल्या फोटोमागं ठेवलीय, बायकोला वाटतं कसला तरी मंत्र आहे. दर खात्याला वेगळा पासवर्ड. आणि दुकानातलं पोरगं म्हणतं, "व्हॉट्सअ‍ॅपवर टाका सर." टाकलं.

आधारच्या पीडीएफनं पासवर्ड मागितला. मी म्हणलं सरक, मी टाकतो, तेवढ्यात मागनं आवाज, "उगं कशाला तरास घेताव सर, नावाची पयली चार अक्षरं कॅपिटल अन् म्होरं जन्मसाल, समद्यांचं तेच असतंय."

बाकड्यावर एक बप्पा, म्हणजे आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसले. मांडीवर पिशवी, पिशवीत सातबारा. फार्मर आयडीसाठी आलेले, पण सर्व्हर डाऊन, म्हणजे त्यांना माझ्याशिवाय दुसरं कामच नव्हतं.

"साल सांगा की मोठ्यानं, पोराला ऐकू येईना."

मी पुटपुटलो, १९७७.

"१९७७!" आडतीत सोयाबीनचा भाव पुकारावा तसं बप्पांनी पुकारलं. "म्हंजे पन्नाशीला टेकलाव की. वाटतंय बी."

मग फोटो उघडला. बप्पा उठून जवळ आले, चष्मा वर केला, एकदा स्क्रीनकडं, एकदा माझ्याकडं. "ह्यो तुमचाच हाय का?" हॉलतिकीट काढायला आलेल्या दोन पोरी पण वाकून बघायला लागल्या.

स्टेटमेंटला जन्मतारीख लागत होती. मी तोंड उघडायच्या आत बप्पा म्हणाले, "एक जून टाक रं." आणि उघडलं की हो! आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी कुणाला विचारलंय, निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जून. गुरुजींनी तेव्हाच आमचे पासवर्ड ठरवून टाकले होते म्हणायचं.

"एवढीच शिल्लक?" बप्पा हळहळले. खरंच हळहळले, त्याचाच जास्त राग आला.

मी म्हणलं, बप्पा, ही खाजगी माहिती असते, आधार सुद्धा शेवटचे ४ आकडे दिसतील असं मास्क्ड काढता येतं. तर म्हणाले, "नेलतं की मागच्या खेपेला. बँकेतला साहेब म्हनला, आकडे खोडून आनलाव का? परत पाठिवलं."

ह्याच्यावर काय बोलणार? २०२२ च्या मे महिन्यात आधारवाल्यांच्याच बेंगळुरू ऑफिसनं पत्रक काढलं होतं, झेरॉक्स कुणालाही देऊ नका, कॅफेच्या कॉम्प्युटरवर ई-आधार काढू नका, काढलंच तर सगळ्या कॉप्या कायमच्या डिलीट करा. दोन दिवसांत पत्रक मागं, लोक गैरसमज करून घेतील म्हणून, नेहमीची खबरदारी घ्या म्हणे. आता कर्जाच्या फाईलीला तीन-तीन झेरॉक्स तुम्हीच मागणार, मग खबरदारी मी कुठं घ्यायची, देव्हाऱ्यामागं?

आणि हेच आमचं लातूर, २०१६ ला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा टाक्यांपाशी १४४ कलम लावावं लागलेलं, घराघरात पिंपाला कुलूप. पाण्याला कुलूप लावायला आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

निघताना पोराला म्हणलं, माझ्या फाईली डिलीट कर. त्याचा डेस्कटॉप म्हणजे अर्धा जिल्हा, 'आधार नवीन', 'आधार नवीन १', 'पॅन फायनल फायनल'. "राहू द्या की सर, पुन्हा लागलं तर?" म्हणाला. फारच मागं लागलो तेव्हा डिलीट मारलं, फाईल रिसायकल बिनमध्ये. बिन रिकामी कर म्हणलं तर पोरगं दचकलं, "त्यात बाकीच्यांचे पण आहेत!" शेवटी रिकामी केली तरी काय, जुन्या हार्ड डिस्कवर डिलीट म्हणजे अनुक्रमणिकेतलं नाव खोडणं, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर पान तिथंच. हे मी पोराला समजावून सांगत होतो, बप्पा मान डोलवत होते आणि मागची लाईन शिव्या देत होती.

गोलाईतून १६ रस्ते फुटतात. माझा आधार कुठल्या रस्त्यानं गेला असेल ह्याचा विचार करत घरी आलो.

रात्री दहाला त्या पोराच्या नंबरवरून पीडीएफ आली, "सर तुमची फाईल." उघडली. बिनपासवर्डची, आणि माझी नव्हतीच. फोटोत बप्पा. बघायचं नव्हतं, पण नजर गेली. जन्मसाल १९८१.

माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि मी दिवसभर बप्पा-बप्पा करत होतो. तारीख सांगायला नकोच.